कोरड्या विहिरीची ओटी

अंजिराचा मीठा बहार, म्हणजे उन्हाळी हंगाम, ऐन भरात आला की मालनकाकूंशी बोलायची सोय नसते. उजाडायच्या आत अंजिरं तोडायची, ऊन चढायच्या आत पाट्यांत भरायची, आणि बोटांना चीक लागून जी आग होते ती कुणावर तरी ओरडून भागवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी ओरडा खायची पाळी होती विहिरीच्या कठड्यावर बसवलेल्या सरकारी डबीची.

डबी बोलत असे. गोड आवाजात, अगदी शुद्ध बोलत असे. "आजची पाणीपातळी समाधानकारक आहे. कृपया उपसा मर्यादेत ठेवावा."

"गप गं बये," काकू म्हणाल्या. "माझी विहीर, माझं पाणी. तू कोण मला शहाणपण शिकवणारी?"

डबीने उत्तर दिलं नाही. तेवढी अक्कल तिला दिलेली होती.

'माझं पाणी' हे काकूंचं म्हणणं तसं जुन्या काळाला धरूनच होतं. पिढ्यान्‌पिढ्या कायदाच तसा होता. जमीन ज्याची, खालचं पाणीही त्याचं. मग काय, ज्याच्या खिशात दम तो शेजाऱ्यापेक्षा खोल बोअर पाडी, आणि शेजारी आपल्याच मालकीच्या कोरड्या खड्ड्यात डोकावत बसे. असे दोन-चार भयंकर उन्हाळे गेल्यावर सरकारला जाग आली आणि उगम कायदा झाला. पाणी कुठून उपसलं ते आता बघायचं नाही. ते जमिनीत कुठून शिरलं ते बघायचं. ज्याच्या जमिनीतून पाणी मुरतं, त्याचा त्या पाण्यावर पहिला हक्क. त्या जागेला नाव दिलं 'जलमुख'. कायदा कागदावर छान होता. पण पाणी कुठून शिरलं हे सांगणार कोण? ते सांगणारं यंत्र निघालं, आणि मग खरी गंमत सुरू झाली.

पुरंदरातल्या त्या आडबाजूच्या दिवटेवाडीपर्यंत ते यंत्र अजून पोचलं नव्हतं. पोचायचं कारणही नव्हतं. काकूंच्या, म्हणजे पोमणांच्या विहिरीवर कुणी कधी वाद घातला नव्हता, कारण ती कधी आटलीच नव्हती. सगळ्या तालुक्यात टँकर फिरत तेव्हाही तिच्यात पुरुषभर पाणी असे. काकू त्याचं सगळं श्रेय सासूबाईंच्या पुण्याला देत, आणि थोडं आपल्याकडेही ठेवून घेत.

याच्या बरोबर उलट तऱ्हा वरच्या माळावरच्या विहिरीची. ती धुळाअण्णा कोकऱ्यांची. तरुणपणी मेंढरांचा अर्धा कळप विकून अण्णांनी आणि त्यांच्या बायकोने, भीमाबाईंनी, कातळ फोडून ती खणली होती. हाताला घट्टे पडले, पण पाण्याचा टिपूस नाही. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी कडेवरून आत उडी घेई, विहीर काठोकाठ भरे, अण्णा हरखून जात. आणि चार-दोन दिवसांनी बघावं तर तळाचे दगड पुन्हा उघडे! विहिरीला पाणीच ठरत नव्हतं.

काकूंचे यजमान शंकरराव भारी थट्टेखोर. एका लग्नाच्या पंगतीत ते म्हणाले, "नवरदेवाच्या पोटात किती लाडू गेले बघा, धुळाची विहीर झालीय नुसती." पंगत हसली, आणि ते शब्द गावाला चिकटले ते चिकटलेच. पोरगं परीक्षेत नापास झालं, धुळाची विहीर. सोयरीक मोडली, धुळाची विहीर. निवडणुकीत डिपॉझिट गेलं, धुळाची विहीर. शंकरराव जाऊन बरीच वर्षं झाली, भीमाबाईही गेल्या, पण ते शब्द काही जाईनात. शाळेतल्या पोरांना तर धुळा नावाचा एक जिवंत माणूस वर माळावर राहतो हेही ठाऊक नव्हतं.

दिवटेवाडीत एक रीत आहे. नव्या विहिरीला पाणी लागलं की गावातल्या बायका वाजतगाजत जातात आणि विहिरीची ओटी भरतात. खण, नारळ, मूठभर तांदूळ. लेकुरवाळीची भरावी तशी. भीमाबाईंनी हिरवा खण खोदाईच्या आधीच जेजुरीहून आणून ठेवला होता. तो पेटीतच राहिला. कोरड्या विहिरीची ओटी कोण भरणार?

तर अशी ती विहीर. त्या फाल्गुनात काकूंच्या नातीचं करडू चरत चरत माळावर गेलं आणि तिच्यात पडलं. करडाला बघायला नात काठावरून वाकली. खालून बघणाऱ्या काकूंच्या काळजाचं पाणी झालं. नात वाचली, करडूही वाचलं, पण काकूंनी त्याच दिवशी तहसीलला अर्ज ठोकला की ही बिनकामाची विहीर बुजवून टाका. वर आपल्या बांधावरचे दगडही देऊ केले.

अण्णांना विचारायला त्या स्वतः माळावर गेल्या. अण्णा शेळीच्या पायातला काटा काढत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"बुजवा वहिनी," ते म्हणाले. "एकदाची बुजवा. म्या मेल्यावर तरी लोकांनी माझं नाव चांगल्या कामाला घ्यावं."

काकूंना ते जरा लागलं. पण नातीचं वाकलेलं डोकं डोळ्यांपुढून हलत नव्हतं, म्हणून त्या तशाच परत आल्या.

आता नव्या कायद्यात अशी मेख होती की कुठलीही विहीर, मग ती कोरडी का असेना, तपासणीशिवाय बुजवता येत नसे. म्हणून भूजल खात्यातून शलाका बिडकर नावाची एक तरुण अधिकारी आली. बरोबर ते यंत्र. सगळ्यांना वाटलं होतं काहीतरी भलंमोठं धूड येणार; पण निघालं चहाच्या थर्मासएवढं. गावाची जरा निराशाच झाली.

"हे पाण्याची चव घेतं का?" काकूंनी विचारलं.

"पाण्याची ओळख पटवतं, काकू." आळीतल्या बोअरांचे नमुने घेऊन शलाका आता काकूंच्या विहिरीच्या पायऱ्यांवर बसून बाटली भरत होती. "मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. चिमूटभर मातीत अख्खी वस्ती. आणि प्रत्येक जागची वस्ती वेगळी. तुमच्या अंजिरांच्या मुळाशी एक, बांधावर दुसरी, माळावरच्या कातळात तिसरी. पाणी मुरताना त्यातले काही आपल्याबरोबर घेऊन खाली जातं. त्याला आम्ही ठसा म्हणतो. खालच्या पाण्यातला ठसा वरच्या मातीशी जुळवला, की पाणी कुठून शिरलं ते कळतं."

"म्हणजे पाण्याचं माहेर शोधता म्हणा की!"

शलाका हसली. "हो. माहेरच."

तिने मग काकूंना आ करायला लावून गालाच्या आतून काडी फिरवली. काकू भडकल्याच. "विहिरीची तपासणी का माझी?"

"पाणी काढताना तुमचा हात लागला ना? तुमच्या अंगावरचे, तोंडातले जीव नमुन्यात आले तर हिशोब चुकेल. म्हणून ज्याचा हात लागेल त्याची लाळ घ्यायची आणि तो ठसा वजा करायचा."

वरच्या विहिरीतून माती काढायला अण्णा खाली उतरले होते, म्हणून त्यांच्याही तोंडात काडी गेली. अण्णांनी तोंड वेंगाडून सहन केलं.

शलाकाने अंजिरं खाल्ली, आणखी मागून घेतली, म्हणून काकू तिच्यावर खूश झाल्या. निघताना सहज म्हणून त्यांनी विचारलं, "आणि समजा, आमचं पाणी दुसऱ्या कुणाचं निघालं तर?"

शलाकाचा हात पिशवीच्या बंदावर थांबला. "तर त्या माणसाच्या हातात असतं सगळं. तो जलमुख उघडं ठेवू शकतो, वाटा मागू शकतो, बंदही करू शकतो. गेल्या महिन्यात एका गावी मी असंच एक जलमुख शोधून दिलं. चुलतभावांचं भांडण होतं. दुसऱ्या दिवशी एकानं त्यावर सिमेंट ओतलं."

"आणि दुसरा?"

"त्याची बाग मी परत येताना पाहिली," एवढंच बोलून ती गाडीत बसली.

पुढच्या आठवड्यात ती निकाल घेऊन आली. त्याआधीच माळावर जेसीबी येऊन उभा होता. बिनचालकाचा. गावातली निम्मी माणसं तो बघायलाच वर जमली होती. कुणी जवळ गेलं की तो म्हणे, "कृपया सुरक्षित अंतर ठेवा. मी परवानगीची वाट पाहत आहे." पोरं मुद्दाम जवळ जाऊन त्याला बोलतं करत होती. शेजारी काकूंच्या बांधावरच्या दगडांचा ढीग. अण्णा विहिरीकडे पाठ करून बसले होते.

शलाका आली ती थेट विहिरीच्या काठावर गेली, आत डोकावली आणि मग वळून म्हणाली, "जेसीबी परत पाठवावा लागेल."

"का?" काकू म्हणाल्या. "आता काय राहिलं?"

"काकू, तुमच्या विहिरीत जवळजवळ सगळं पाणी इथून येतं."

कुणालाच कळलं नाही. तेव्हा शलाकाने खाली बसून मातीत बोटाने रेघा मारल्या. "आपला डोंगर चिरोट्यासारखा आहे. पापुद्र्यावर पापुद्रे. वरचे पापुद्रे इतके घट्ट की पावसाचं पाणी त्यावरून नुसतं वाहून जातं. अण्णांनी खणता खणता एक घट्ट पापुद्रा फोडला आणि खालच्या भेगेला तोंड पाडलं. ती भेग उतरत उतरत तुमच्या विहिरीखाली जाते. ओढ्याचं पाणी इथे पडतं ते गळून जात नाही. ते तुमच्याकडे येतं. या विहिरीच्या तळाच्या मातीचा ठसा तुमच्या पाण्यात आहे, आणि खालच्या सगळ्या आळीतल्या बोअरांतही थोडाथोडा आहे."

जेसीबीशी खेळणारी पोरंही येऊन विहिरीत डोकावू लागली.

मालनकाकूंनी वळून दगडांच्या ढिगाकडे पाहिलं. आपल्या हाताने आपण आपल्या विहिरीचं तोंड बुजवायला निघालो होतो! अर्ज आपला, दगड आपल्या बांधावरचे, घाईही आपलीच. आणि बुजवलं असतं तर येत्या उन्हाळ्यात, फार तर त्याच्या पुढच्या, अंजिराची झाडं पानं टाकून उभी राहिली असती, आणि आपण सासूबाईंच्या फोटोपुढे उदबत्ती लावून 'पुण्य संपलं' म्हणून रडलो असतो.

धुळाअण्णा उठले. हळूहळू काठाशी आले. जन्मात पहिल्यांदा बघत असल्यासारखे ते त्या विहिरीकडे बघत राहिले.

"ताई," ते म्हणाले, "म्हंजी माझ्या विहिरीला पाणी होतं?"

"भरपूर होतं, अण्णा. फक्त ते इथे थांबत नव्हतं."

"सगळी वर्सं?"

"सगळी वर्षं."

अण्णांचा चेहरा कसा झाला ते सांगता येत नाही. हसावं की रडावं हे त्यालाही ठरवता येत नव्हतं. त्यांनी खांद्यावरच्या घोंगडीने तोंड पुसलं. "आन्‌ आता ही बुजवायची का ठेवायची?"

"ते तुम्ही ठरवायचं. कायद्यानं हे जलमुख तुमचं. पाण्यावर पहिला हक्क तुमचा. तुम्ही म्हणाल तशी मी नोंद करीन."

सगळ्यांच्या माना एकदम अण्णांकडे वळल्या. कालपर्यंत ज्याच्या नावावर हसत होतो, त्याच्या तोंडाकडे आता पाण्यासाठी बघायची पाळी आली, हे ज्याला त्याला एकदमच समजलं असावं, कारण त्या माना लगेच खालीही गेल्या. "आलो," एवढं पुटपुटून अण्णा वळले आणि आपल्या घराकडे चालू लागले. आत गेले. दार ओढून घेतलं.

लोक थांबले, कंटाळले, सावलीला पांगले. शलाका गाडीत बसून राहिली. मालनकाकूंना मात्र कुठे बसवेना. त्यांच्या डोळ्यांपुढे सिमेंट ओतलेलं ते दुसऱ्या गावचं जलमुख येत होतं, आणि त्याच्या मागून येत होती पंगत, शंकररावांचा तो हसरा आवाज, खदखदणारी माणसं. काय चुकलं असतं अण्णांचं, त्यांनी बंद कर म्हटलं तर? कोण त्यांना नाव ठेवणार होतं?

आणि त्यांना घागरी आठवल्या.

काकू तेव्हा नव्या सून. अण्णांच्या विहिरीचा पचका झाला, त्याच्या पुढच्याच साली दुष्काळ पडला, आणि भीमाबाई माळावरून खाली पोमणांच्या विहिरीवर पाण्याला येऊ लागल्या. सासूबाईंनी बजावलं होतं, "दोन घागरी दे. वर एक थेंब नाही." काकू दोन देत. सासूबाईंची पाठ वळली की गुपचूप तिसरी देत. पाऊस आला, दुष्काळ सरला, पण भीमाबाईंचं येणं काही थांबलं नाही. माळावर नळ पोचेस्तोवर त्या येतच राहिल्या. काकूंना स्वतःच्या त्या चांगुलपणाचं आजवर फार कौतुक होतं. कधी मन खट्टू झालं की त्या ती तिसरी घागर आठवत आणि त्यांना बरं वाटे.

आणि आज हे! इतकी वर्षं आपण भीमाबाईला तिचंच पाणी मोजून देत होतो. वर उपकार केल्याच्या तोऱ्यात.

काकू निघाल्या. पदर खोचला. अंजिरांची एक पाटी उचलावी की काय असं एकदा मनात आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. विहीर मागायला जाताना काय अंजिरं घेऊन जायची? त्या रिकाम्या हातांनीच गेल्या आणि अण्णांचं दार ढकललं.

आत अण्णा जमिनीवर बसले होते. समोर पत्र्याची पेटी उघडी, आणि आजूबाजूला जुनी लुगडी, घुंगरांचा पट्टा, कातरायची कात्री, असं काय काय पसरलेलं. ते पेटीत कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते.

"अण्णा," काकू दारातूनच म्हणाल्या, आणि जे जुळवून आणलं होतं ते सगळं विसरून गेल्या. "अण्णा, मी भीमाबाईला तिचंच पाणी दोन घागरी मोजून दिलं हो! मला कुठं माहीत होतं?" आणि त्या भडाभडा रडू लागल्या.

अण्णांनी चमकून वर पाहिलं. "आवो वहिनी, ह्ये काय? रडताय का?"

"तुम्ही विहीर बंद करा म्हटलात तरी मला तोंड उघडायला जागा नाही. आमच्या ह्यांनी तर जन्मभर..."

"बंद?" अण्णांना खरंच कळलं नव्हतं. "बंद कशापायी करीन? मी इचार करायला आलो न्हाई वहिनी. मी ह्ये शोधायला आलोय. सापडंना झालंय. जरा बघता का? बायकांच्या हाताला लवकर घावतं."

काकूंनी नाक पुसलं, गुडघे टेकले आणि पेटीत हात घातला. तळाशी, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, हिरवा खण होता. घडीवर पिवळा पडलेला, पण काठ अजून लालचुटूक. भीमाबाईंनी जेजुरीहून आणलेला.

अण्णांनी घडीवरून हलकेच बोट फिरवलं.

"तिला लई हौस होती," अण्णा म्हणाले. "म्हनायची, पानी लागंल, बायका येतील, मी पुढं उभी ऱ्हाईन. मग काय, कुनी आलंच न्हाई. ती जायच्या आधी कुनी एकदा सांगितलं आसतं पानी हाय म्हनून, तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग काकूंकडे वळून म्हणाले, "आन्‌ तुमी त्या घागरीचं काय मनाला लावून घेताय? पानी माझं आसंल. पर भरली घागर एकटीला डोक्यावर घेता येत न्हाई वहिनी. खालून दुसऱ्याचा हात लागतो. रोज हात कुनी लावला? ती घरी आली का सांगायची मला, पोमणांच्या सुनेनं आज तिसरी दिली, आन्‌ डोक्यावरची चुंबळ पन नीट करून दिली. तुमच्या म्हातारीला भिऊन देत हुता ना? त्येच तर मोठं. मी तवापास्नं तुमचं देनं लागतोय."

"मी तुमचं लागतेय म्हणते मी!"

"मग फिटलं," अण्णा म्हणाले. "चला. ती ताई उन्हात बसलीया."

खण हातात घेऊन काकू माळावर आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज मूळ जागी आला होता. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे जेसीबीला झापलं. "ए, तू निघ. नाहीतर असं कर, ते दगड काठावर नीट रचून दे. कठडा बांधायचाय. पोरं वाकतात." जेसीबी म्हणाला, "कृपया परवानगी द्यावी," आणि अण्णा मोठ्याने म्हणाले, "दिली!"

मग त्यांनी आळीतल्या बायका बोलावल्या. कुणी नारळ आणला, कुणी तांदूळ. काकू विधवा, जुन्या हिशोबाने ओटी भरायला त्यांनी पुढे व्हायचं नव्हतं. दोघी-तिघींनी एकमेकींकडे बघितलंही. पण मालनकाकूंना ते तोंडावर सांगायची छाती दिवटेवाडीत कुणाची आहे? त्यांनी हिरवा खण विहिरीच्या काठावर ठेवला, त्यावर नारळ, त्यावर ओंजळभर तांदूळ, हळदकुंकू वाहिलं, आणि वाकून हात जोडले.

विहीर कोरडी ठणठणीत. तळाला दगड, त्यात करडू पडलं तेव्हाचं गवत. तिच्यात पाणी ठरलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिची ओटी भरताना बायकांचे डोळे भरून आले होते. "भीमाबाई, भरली गं तुझी ओटी," काकू म्हणाल्या, "उशीर झाला, पोटात घे." अण्णा जरा बाजूला जाऊन शेळीच्या पाठीवरून उगाचच हात फिरवत राहिले.

सगळं आटोपल्यावर शलाकाने नोंदीसाठी यंत्र उघडलं. जलमुखधारक, धुळा बिरा कोकरे. जलमुख उघडं राहील. वाटा मागायचा नाही. अण्णांनी ते पुन्हा पुन्हा वाचून घेतलं आणि अंगठा न उठवता सही केली, सावकाश, एकेक अक्षर. पुढच्या ओळीवर मात्र शलाका अडली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"जलमुखधारक आणि विहीरधारक यांचं नातं लिहायचं असतं. मी काही भरायच्या आधीच यंत्रानं भरलंय. 'एकाच कुटुंबातील व्यक्ती.' तुमच्या दोघांच्या लाळेतला ठसा सारखा आहे." तिने पुन्हा तपासलं. "हां. इतकी वर्षं एकाच विहिरीचं पाणी प्यालात तुम्ही. या विहिरीच्या तळाचे जीव पाण्याबरोबर काकूंच्या पोटात गेले, घागरीबरोबर अण्णांच्याही. तिथेच वस्ती करून राहिले. घरातल्या माणसांचं असं असतं. यंत्राची चूक नाही, पण नोंद चुकीची आहे. बदलायला हवी."

"थांबा ताई," अण्णा म्हणाले. "खालचं पानी माझ्या नावावर लागलं. ठीक हाय. पर ह्या वहिनींच्या पोटात जे माझ्या विहिरीचं हाय, ते कुनाच्या नावावर? आन्‌ माझ्या पोटात त्यांच्या घागरीचं हाय, ते?"

कायद्यात ते नव्हतं.

"नका बदलू," काकू म्हणाल्या. "राहू द्या तसंच. यंत्राला आमच्यापेक्षा आधी कळलं म्हणायचं."

शलाकाने एकदा दोघांकडे पाहिलं आणि ती ओळ तशीच ठेवून यंत्र मिटलं. नोकरीत तिने जाणूनबुजून केलेली ती पहिलीच चूक, आणि ती करताना तिला फार हलकं वाटलं.

गाडी माळावरून उतरताना मागच्या सीटवर अंजिरांच्या दोन पाट्या होत्या. एक काकूंनी दिलेली आणि एक अण्णांनी, काकूंच्याच बागेतून हक्काने तोडून आणलेली. खाली आळीत एक म्हातारा कुणाला तरी सांगत होता, "काम असं करावं, धुळाच्या विहिरीसारखं. दिसत न्हाई, पर सगळ्यांना पुरतं." शब्द तेच होते. शलाका ऐकून स्वतःशीच हसली.

हमरस्त्याला लागता लागता फोन वाजला. उद्याचं गाव. दोन सख्खे भाऊ, मधे एक बांध, सात वर्षांची कोर्टकचेरी. धाकट्याची बोअर अजून चालू होती. थोरल्याला फक्त एवढंच हवं होतं की यंत्राने सांगावं, पाणी आपल्या शेतातून शिरतं का.

"सांगेल," शलाका म्हणाली. "यंत्र नक्की सांगेल." आणि फोन ठेवून तिने एक अंजीर तोंडात टाकलं.

पाणी कुणाचं, ते उद्या संध्याकाळपर्यंत कळणारच होतं. पण त्या दोन घरांत, कधीतरी, कुणी कुणाच्या डोक्यावरच्या घागरीला हात लावला असेल का?